पँथरची भाकर



‘क्रिप कॅम्प’ (२०२०) हा अमेरिकन माहितीपट बघितला. क्रिप म्हणजे लंगडा, पांगळा. शिवीच ती. त्यांनी ती उचलली आणि नाव म्हणून छातीवर लावली.

यातली ज्युडी ह्यूमन पोलिओ झालेली. लहानपणी शाळेनं दारातूनच परत धाडलं. कारण काय, तर हिच्या व्हीलचेअरमुळं आगीचा धोका! पुढं शाळा मिळाली, तर वर्ग वेगळा. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पोत्यावर बसवलेला भिवा आपल्याला ठाऊक आहे.

१९७३ च्या तिथल्या कायद्यात कलम ५०४ होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनं, संस्थेनं अपंगाला वगळायचं नाही. पण नियमांवर सही होईना. ५ एप्रिल १९७७ ला शंभरावर माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरली, ती तिथंच बसली. फोन तोडले, तर बहिऱ्यांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी निरोप धाडले. आमच्या साचेखात्यातही आवाजापायी खुणांनीच बोलावं लागतं, म्हणून मला ते चटकन कळलं. गरम जेवण रोज ब्लॅक पँथरनं पोचवलं. २८ एप्रिलला सही झाली.

सिनेमा कमी पडतो तो इथंच. ब्रॅड लोमॅक्स स्वतः पँथर, व्हीलचेअरवर, आत ठाण मांडून बसलेला. त्याला मोजकेच क्षण. गोऱ्या दोस्तांच्या आठवणींत काळा अपंग पुन्हा कडेला.

पण बोट आपल्याकडंही वळतं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव तिथून आलं. ती भाकर आली का? आपल्या कवितेत ‘आंधळी व्यवस्था’, ‘बहिरं सरकार’. मीही लिहिलंय. सरकार बहिरं नसतं हो! त्याला सगळं ऐकू येतं.

शिक्षणहक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली: तीव्र अपंगत्व असेल तर घरी शिकायचा हक्क. हक्क चांगला. पण दहा बाय दहाच्या खोलीत ‘घरी शिक्षण’ म्हणजे काय? शाळेला दार लावायला निमित्त मिळू शकतं. २०१६ चा कायदा जवळच्या शाळेचा हक्क देतो. तो वस्तीत कुणी मागायचा?

ज्यांचा आहे त्यांनीच. आपण पुढची बैठक तळमजल्यावर घेऊ. माईक त्यांच्या हाती देऊ. भाकर आपण पोचवू.