भुताचा पंचनामा

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव नागराज मंजुळे यांचे जन्मगाव म्हणून आज मराठी चित्ररसिकांस परिचित आहे. आणि ज्या विहिरीत आपल्या लोककथेने निःसंशय एखादी हडळ वसविली असती, तिच्यात या दिग्दर्शकाने ‘सैराट’मध्ये (२०१६) नायिका आर्चीला पोहावयास उतरविले. ‘फँड्री’तही (२०१३) काळ्या चिमणीच्या राखेने मुलगी वश होते, या समजुतीमागे रानोमाळ धावणाऱ्या शाळकरी जब्याची तो टवाळी करीत नाही, की त्या समजुतीचे भयही घालीत नाही. आपल्या भूतपटांस ही समदृष्टी साधलेली नाही.

राक्षसपटाच्या चित्रीकरणात खरेच भूत वावरते अशी वदंता उठावी, मुखवट्याने रातोरात जागा बदलावी, रंगभूषाकारापासून निर्मात्यापर्यंत प्रत्येकाची जबानी संशयास्पद ठरावी आणि प्रेक्षकाने हसत हसत तपास करावा, असा विनोदी रहस्यपट म्हणूनच की काय मराठीत रुजला नाही. आश्चर्य असे की त्याचे बीज दादासाहेब फाळके यांच्यापाशीच होते. ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या या गृहस्थाने ‘कालियामर्दन’च्या (१९१९) आरंभी आपली कन्या मंदाकिनी हिचे नाना मुखभाव प्रेक्षकांस उघड दाखविले, मग त्याच मुलीचा कृष्ण केला आणि तिला नागाशी झुंजविले. हातचलाखी कबूल करूनही चमत्कार शाबूत ठेवणे म्हणजे काय, याचा याहून चांगला दस्तऐवज मला ठाऊक नाही.

पुढे हे धैर्य ओसरले. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त (१९९३) रामदास पाध्ये यांनी घडविलेला तात्या विंचूचा बाहुला आजही पोरासोरांच्या स्वप्नांत येतो, आणि तो लौकिक रास्तच आहे. परंतु नायक लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा. तेव्हा बाहुला बोलला तर संशय प्रथम खेळ करणाऱ्यावरच यावयाचा, ही केवढी रहस्यसंपन्न परिस्थिती! चित्रपटाने तिच्यातून हशा भरपूर वसूल केला; रहस्य मात्र सुरुवातीसच फोडले, कारण गुन्हेगाराचा आत्मा मंत्रबळाने बाहुल्यात शिरताना प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेला असतो. पडद्यावरचे पोलीस तेवढे अंधारात राहतात. ‘पछाडलेला’ने (२००४) हीच हशाची शेती अधिक पिकविली, एवढेच.

नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी भयकथेस जी प्रतिष्ठा दिली, तिचे व्याज मराठी पडद्याने क्वचितच घेतले. ‘तुंबाड’ (२०१८) आणि ‘मुंज्या’ (२०२४) या दोहोंची माती कोकणातली, पण त्यांचा संसार हिंदीत थाटला गेला. त्यांतला आदित्य सरपोतदार यांचा मुंज्या संगणकाने घडविलेला, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी तो नाहीच. नट रिकाम्या हवेकडे पाहून किंकाळी फोडतो आणि दिग्दर्शक त्याला भूत थोडे डावीकडे सरकले आहे असे बजावतो. या कामकाजाचा नुसता पंचनामा कोणी प्रामाणिकपणे लिहून काढला, तरी निम्मी पटकथा हाती लागेल. उरलेल्या निम्मीसाठी मात्र त्या हवेत रात्री कोण उभे राहते, हे ठरवणारा लेखक पाहिजे.