अस्तराचा रंग

शिफॉनचं कापड घेऊन कुणी शिवायला आलं की मी आधी एकच विचारते, अस्तर कोणत्या रंगाचं घालायचं? पातळ कापडाला खरा रंग आतून चढतो. बदनापुरात वीस वर्षं मशीन चालवून मला हे उमगलं. लंडनमधल्या एका बाईने याच एका गोष्टीवर शंभर वर्षांपूर्वी आपलं नाव उभं केलं होतं, हे वाचलं तेव्हा ती मला एकदम आपल्यातली वाटली. तिचं नाव लेडी डफ-गॉर्डन. दुकानाचं नाव मात्र ‘ल्यूसिल’.

तिच्या झग्यांची चित्रं पाहताना घाई करू नये. कमरेपाशी थांबावं. आत एका रंगाचं रेशीम, त्यावर दुसऱ्या रंगाचा शिफॉन, कधी त्यावर लेसचा आणखी एक विरळ थर. नेसणारी चालायला लागली की थर एकमेकांवरून सरकणार आणि रंग हलणार. आपल्या धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर वळला की रंग पालटतो. पैठणला हे काम मागावर होतं, ल्यूसिलकडे ते कात्रीने आणि सुईने होई. मध्येच रेशमी फितीची चिमुकली गुलाबाची फुलं, हाताने वळलेली. शिफॉन किती निसटतो ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. उरेब कापला की लोंबतो, टाका जरा ओढला की चुणी पडते. असे तीन थर एका रेषेत पडलेले दिसले की माझे हात आपोआप जोडले जातात.

ती प्रत्येक झग्याला नाव द्यायची. त्यांना ती भावनांचे झगे म्हणे, आणि नावं अशी की ‘अतृप्त ओठांचा सुस्कारा’. काहींना ती भडक वाटतात. मला नाही वाटत. काळ्या साडीला आपण चंद्रकळा म्हणतोच की. नाव दिलं की कापड माणसाळतं. हे झगे अंगावर घालून मुलींना रंगमंचावर चालवायचं, त्याला दिवे, संगीत आणि आमंत्रणं जोडायची, हा थाटही तिचाच. आजच्या फॅशन शोचं मूळ तिथे सापडतं.

हे सगळं तिने सुखात बसून केलेलं नाही. पहिलं लग्न मोडलं, पदरात लहान मुलगी होती, तेव्हा तिने घरातच शिवण सुरू केलं. पुढे लंडन, 1910 साली न्यूयॉर्क, 1911 साली पॅरिस.

आणि मग 1912 सालचा एप्रिल. न्यूयॉर्कच्या कामासाठी ती नवरा सर कॉस्मो आणि सेक्रेटरी मिस फ्रँकाटेली यांच्यासह टायटॅनिकवर चढली. बुडणाऱ्या जहाजावरून तिघं ज्या 1 नंबरच्या नावेत उतरली, तीत चाळीस जणांची जागा होती. नाव सुटली ती बारा माणसांना घेऊन. त्या अंधारात ती फ्रँकाटेलीला म्हणाली की तुझा तो सुंदर नाइटड्रेस गेला. या एका वाक्यावरून जगाने तिला निर्दय ठरवलं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचते. भेदरलेल्या पोरीशी काय बोलावं ते सुचत नसताना कापडात जन्म गेलेली बाई कापडाचंच बोलणार. तिथे मला निर्दयपणा दिसत नाही.

पण त्याच नावेत खलाशी होते. त्यांचं सामान बुडालं होतं आणि पगार त्या रात्रीपासून बंद होणार होता. सर कॉस्मोने प्रत्येकाला पाच पौंड देऊ केले. मागे फिरू नये म्हणून ही लाच दिली, असा बोभाटा झाला. लंडनच्या चौकशीत मे महिन्यात दोघांच्या साक्षी झाल्या. लाचेचा आरोप टिकला नाही. मात्र सर कॉस्मोने खलाशांना मागे वळायला सांगितलं असतं तर काही जीव वाचू शकले असते, असं अहवालात लिहिलं गेलं. अठ्ठावीस जागा रिकाम्या होत्या. तिच्या हातावर माझं कितीही प्रेम असलं तरी हा डाग मला धुता येत नाही, आणि धुवायचाही नाही.

पुढे धंदा उतरला, कंपनी हातची गेली. 1917 सालचा तिच्यावरचा करारभंगाचा खटला अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. सर कॉस्मो 20 एप्रिल 1931 रोजी वारले, ती 1935 साली, त्याच तारखेला.

तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक त्या नावेपासून सुरुवात करतात. शिवणाऱ्या बायांनी झग्यापासून करावी. मोबाइलवर चित्र मोठं करून आधी आतल्या थराचा रंग ओळखून पाहा.