झाकलेली उत्तरपत्रिका

उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवायची नाही, हा महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाचा विनियम 104. कायदा विधिमंडळाचा, 1965 चा. विनियम मंडळाने त्याखाली 1977 साली केलेला. मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली; सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ती पुन्हा उभी केली. तपासले इतकेच : मंडळाला अधिकार होता काय, मूळ कायद्याशी वा घटनेशी विरोध आहे काय? नियमातले शहाणपण तज्ज्ञांवर सोडले! हे तज्ज्ञ कोण? कसाऱ्याकडच्या पाड्यावरून शालान्त परीक्षेला बसणाऱ्या पहिल्या पिढीच्या पोराच्या घरचे तर नव्हेत. नैसर्गिक न्यायाचा मुद्दाही न्यायालयाने फेटाळला. पुढे 2011 साली केंद्रीय मंडळाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मानला, तो 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या जोरावर.