शोधनिबंध कोण तपासतो?

बोर्डाची उत्तरपत्रिका तपासायला येते तेव्हा तिच्यावर मुलाचे नाव नसते, शाळेचेही नसते. शोधनिबंध तपासणाऱ्याला मात्र बहुतेक विषयांत लेखकाचे नाव आणि संस्थेचा पत्ता दोन्ही दिसतात. परीक्षक कोण, हे लेखकाला कळत नाही. म्हणजे पडदा आहे, पण एकाच बाजूने.

पद्धत तशी साधी. संपादक निबंध दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते प्रयोगाची रीत, आकडेमोड व निष्कर्ष पाहून अभिप्राय देतात. बहुधा विनामोबदला. (तुम्हाला पेपरामागे थोडे तरी मिळतात!)

पत्त्याचा प्रभाव पडतो का? पीटर्स आणि सेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत संस्थांतील लेखकांचे १२ छापून आलेले निबंध त्यांनी लेखक व संस्थांची नावे बदलून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. तीन ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले. हा प्रयोग फार सांगितला जातो, पण त्यात एक उणीव आहे. मूळ नावांनिशी पुन्हा पाठवलेला, तुलनेसाठीचा गट त्यात नव्हता. ही नियतकालिके एरवीही बहुतेक निबंध नाकारतच. त्यामुळे दोष पत्त्याचा की परीक्षकांच्या लहरीचा, हे यावरून ठरत नाही. मात्र दोन्हीपैकी काहीही असले तरी ते भूषणावह नाही.

मला अधिक बोलका वाटतो तो ब्रिटिश मेडिकल जर्नलचा १९९८ मधील प्रयोग. एका निबंधात मुद्दाम ८ दोष घालून तो ४२० परीक्षकांकडे पाठवला. २२१ जणांनी अभिप्राय दिले. त्यांना सरासरी दोनच दोष सापडले. मग लबाडी काय सापडणार? परीक्षकापुढे कागद असतो, प्रयोगशाळा नसते.

तरीही ही चाळणी फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. १९३६ साली आइन्स्टाइन व रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच असा निबंध फिजिकल रिव्ह्यूकडे पाठवला. परीक्षकाने दहा पानी आक्षेप घेतले. निबंध छापण्याआधी परक्याला दाखवलाच कसा, म्हणून आइन्स्टाइन रागावले व त्यांनी तो परत घेतला. पुढे रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइन यांचे सहायक इन्फेल्ड यांच्याशी चर्चा करून चूक दाखवली आणि १९३७ मध्ये निबंध दुसरीकडे छापला गेला तो उलट निष्कर्षासह. तो परीक्षक रॉबर्टसनच होते, हे जगजाहीर झाले २००५ साली. लहरी सापडल्या २०१५ मध्ये.

आक्षेप बरोबर होता. बंद लिफाफ्यातून आला तेव्हा तो ऐकला गेला नाही, सहकाऱ्याच्या तोंडून आला तेव्हा पटला. म्हणून अभिप्राय उघड करण्याची अलीकडची चाल मला आवडते. नेचरने जून २०२५ पासून नव्याने येणाऱ्या शोधनिबंधांसाठी अशी पद्धत सुरू केली: निबंध छापला गेला की परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरेही सोबत येतात. नाकारलेल्या निबंधांवरचे अभिप्राय मात्र अजून कपाटातच राहतात.