अपघातवृत्तातील लुप्त कर्ता

वाहनाने पादचाऱ्यास ठोकरले असता उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न सामान्यतः विधिशास्त्राचा मानला जातो. परंतु न्यायालयापुढे घटना येते ती वाक्यांच्या रूपाने. आणि वाक्य म्हटले की कर्ता कोण, हा व्याकरणाचा प्रश्न प्रथमच उपस्थित होतो. मराठीत अपघात सांगण्याच्या दोन रीती रूढ आहेत: एक वृत्तपत्राची, दुसरी फिर्यादीची. दोहोंचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

अहिल्यानगरच्या (२०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या) सावेडी उपनगरातून मनमाडकडे जाणारा हमरस्ता जातो. वस्तीतूनच हा रस्ता गेल्यामुळे तो ओलांडणे हे तेथील रहिवाशांचे नित्यकर्म होय. अशा ठिकाणच्या अपघाताचे एक नमुन्यादाखल वाक्य कल्पू: ‘सावेडी नाक्याजवळ कारची धडक बसून पादचारी ठार.’ येथे ‘बसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. ठेच लागावी तशी धडक बसते. कार षष्ठीत गेली आहे आणि चालक वाक्यातून अदृश्य झाला आहे. ‘चालकाने पादचाऱ्याला धडक दिली’ असे म्हणताच तृतीयेतील कर्ता उभा राहतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले आहे. ह्या दृष्टीने वाहन हे केवळ करण. कर्ता तो चालकच.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, चौकशीपूर्वी चालकाचा निर्देश करणे म्हणजे त्यास दोषी ठरविणे होय. हा आक्षेप ग्राह्य नाही. क्रियेचा कर्ता आणि अपराधाचा धनी ह्या दोन भिन्न कल्पना आहेत. धडक देणारा चालक निर्दोषही असू शकतो. परंतु तो होता, एवढे तरी वाक्याने सांगितले पाहिजे. २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्रे येथील अपघातात एक मनुष्य मृत्युमुखी पडला. अभिनेते सलमान खान ह्यांना सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये दोषी ठरविले; पण त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. वाहन तेच चालवीत होते, हे अभियोग पक्षास निःसंशय सिद्ध करता आले नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. फौजदारी न्यायात कर्तृपदाची सिद्धी किती निर्णायक असते, हे ह्यावरून ध्यानी येईल.

फिर्यादीची रीत नेमकी उलट आहे. ‘हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगाने’ ही पदावली तीत जवळजवळ ठरलेली असते. येथे चालक आहे, पण क्रियाविशेषणांच्या ओझ्याखाली घटनाच दडपली गेली आहे. कायदा बेदरकारपणा व हयगय ह्यांत भेद करतो: परिणामाची दरकार न बाळगता धोका पत्करणे हा पहिला, जी सावधगिरी घ्यावयास हवी ती न घेणे ही दुसरी. प्रत्येक फिर्यादीत दोन्ही एकदमच येऊ लागली की कोणतीच अर्थवाहक राहत नाही. १९९८ साली सतीश ह्यांच्याविरुद्धच्या कर्नाटक राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: अधिक वेग ही सापेक्ष संज्ञा असून, केवळ तेवढ्यावरून हयगय अथवा बेदरकारपणा सिद्ध होत नाही. आरोपी सुटला तो साक्षीच्या भाषेतील ह्या पोकळीमुळे, असे म्हणावे लागते.

तपशील भरीव असला की निकालही पालटतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या माणसांवर मोटार चढली व सात जण मृत्युमुखी पडले. प्रथम न्यायालयाने हयगयीने मृत्यू एवढाच अपराध धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षांची केली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मद्यपान आणि रस्त्याची परिस्थिती ह्या तपशिलांतून न्यायालयास चालकाची जाणीव दिसली. पूर्वी दंडसंहितेच्या ३०४-अ कलमाखाली दोन वर्षांपर्यंत असलेली शिक्षा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. शिक्षा वाढली की पुराव्याच्या भाषेवरील भारही वाढतो.

भरपाईच्या प्रांतात मात्र कायदा करणावरही समाधान मानतो. मोटार वाहन अधिनियमाच्या १६४ व्या कलमाप्रमाणे दोष सिद्ध न करताही मृताच्या वारसांस वाहनाच्या मालकाकडून वा विमाकंपनीकडून पाच लाख रुपये मिळू शकतात. वाहनच अज्ञात राहिले तर १६१ व्या कलमाखाली दोन लाख. म्हणजे वाहन ओळखता न येण्याची किंमत, दोष बाजूस ठेवूनही, तीन लाख रुपये आहे. दोष सिद्ध करून अधिक भरपाई मागावयाची असेल तर १६६ व्या कलमाचा मार्ग आहे. तेथे चालकाचे कर्तृत्व पुन्हा पुढे येते आणि त्याच्या कृतीचे उत्तरदायित्व मालकावरही पडते.

तात्पर्य असे की, वृत्तलेखकाने कर्ता गाळू नये आणि फिर्याद लिहिणाऱ्याने विशेषणांनी घटना झाकू नये. चाकांच्या खुणा किती लांब होत्या, दिवे लागले होते काय, पादचारी रस्त्याच्या कोणत्या भागी होता, चालक थांबला की निघून गेला, हे साध्या वाक्यांत लिहिले जावे. ह्यात चालकाचेही रक्षण आहे. कारण अंधारात अकस्मात पुढे आलेल्या माणसास चुकविणे अशक्य होते, हेही अशाच वाक्यांतून सिद्ध होते. पंचनाम्याची मराठी हा उपयोजित भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा विषय आहे. तेथील एका विभक्तिप्रत्ययावर कोणाचा कारावास तर कोणाचा चरितार्थ अवलंबून असतो.