आकाशनृत्य आणि ऑक्टोबरमधली बंदूक

शिकाऱ्याने लिहिलेला निसर्गपाठ मुलांच्या हाती द्यावा का, असा प्रश्न शिक्षकांना अधूनमधून पडतो. सालिम अलींच्या पक्षीवेडाची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली, हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. पण पुढे जाऊन त्या बंदुकीबद्दल बोलायचे मात्र टाळतो. आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) या अमेरिकन वनशास्त्रज्ञाचा ‘स्काय डान्स’ हा चार-पाच पानांचा लेख हे टाळू देत नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकातला हा एप्रिल महिन्याचा लेख आहे. तो सुंदर आहे, शिकवण्याजोगा आहे आणि माझ्या मते त्याचा शेवट चुकला आहे. तिन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

लेखाचा नायक आहे अमेरिकन वुडकॉक. हा आपल्याकडच्या पाणलाव्याच्या कुळातला, वजनाने दीड-दोनशे ग्रॅमचा, वाळक्या पाल्याच्या रंगाचा पक्षी आहे. चोच लांब असते आणि तिचे टोक जमिनीच्या आत असतानाच उघडता येते, त्यामुळे गांडूळ तिथेच पकडता येते. डोळे डोक्यावर इतके वर आणि मागे असतात की चोच चिखलात असतानाही मागून येणारा शत्रू दिसावा. (याचा युरेशियाई भाऊबंद हिमालयात वीण घालतो आणि हिवाळ्यात निलगिरीपर्यंत उतरतो.) दिवसभर हा पक्षी झुडपांत दडून बसतो. अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही आणि मग एकदम सरळ वर उसळतो. शिकाऱ्यांना त्याचे आकर्षण आहे ते याच सवयीमुळे. कुत्र्याने माग काढायचा, पक्षी उसळला की क्षणात नेम धरायचा.

लिओपोल्ड स्वतः असा शिकारी होता. विस्कॉन्सिन राज्यातले एक झिजलेले, वाळूचे शेत त्याने १९३५ मध्ये विकत घेतले. आपल्याच रानावर एप्रिल-मे महिन्यांत रोज संध्याकाळी या पक्ष्याचा नाच चालतो, हे कळायला त्याला दोन वर्षे लागली, अशी कबुली तो देतो. नर उघड्या जागी बसून नाकात बोलल्यासारखा ‘पींट’ आवाज काढतो. मग गिरक्या घेत, किणकिणत, ठिपक्याएवढा होईपर्यंत वर चढतो आणि गात गात कोसळून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. हे वर्णन वाचूनच घ्यावे.

शिक्षकांना मात्र वर्णनापेक्षा त्याने विचारलेले प्रश्न अधिक उपयोगी पडतील. नाच उघड्या, वाळूच्या पट्ट्यावरच का? कारण पक्ष्याचे पाय आखूड, उंच गवतात त्याचा तोरा मादीला दिसणार नाही. गवतही धरत नाही इतकी आपली जमीन निकस, म्हणून आपल्याकडे नर्तक जास्त, असे तो सांगतो. निकस जमीन म्हणजे निरुपयोगी जमीन हा समज मोडायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरा प्रश्न असा की किणकिण कंठातली की पंखांची? त्याच्या एका मित्राने एक नर जाळ्यात धरला आणि पंखांची बाहेरची पिसे काढून त्याला सोडून दिला. पक्षी नंतर ‘पींट’ म्हणाला, गायलाही, पण किणकिणला नाही. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, असे लिओपोल्ड लगेच बजावतो. इथे वर्गाला थांबवावे आणि विचारावे, मग काय केले असते म्हणजे सिद्ध झाले असते? दुसऱ्या पक्ष्याची वेगळी पिसे काढून पाहायची, तिसऱ्याला नुसते धरून सोडायचे. तुलनेसाठी गट का लागतो हे मुलांना इथे आपसूक कळते. बाहेरच्या तीन अरुंद पिसांमधूनच ही किणकिण निघते, हे आज पक्के माहीत आहे. अर्थात, प्रयोग फळ्यावरच करावा.

लेखातली एक चूकही शिकवण्याजोगी आहे. संध्याकाळी नाच सुरू होण्याची वेळ रोज एक मिनिटाने पुढे जाते, पहाटे तो संपण्याची वेळ मात्र रोज दोन मिनिटांनी अलीकडे येते, असे लिओपोल्ड नोंदवतो. हा फरक का? संध्याकाळी नाच सुरू व्हायला जेवढा उजेड लागतो त्याच्या पाचव्या हिश्श्यातच तो पहाटे थांबतो. प्रेमही थकते म्हणायचे, असा विनोद करून तो पुढे जातो. विनोद गोड आहे, पण उत्तर अपुरे आहे. उजेडाची मर्यादा कमी असेल तर पहाटे नाच लवकर आटोपेल एवढे खरे. तो रोज दुप्पट वेगाने का सरकेल, हे त्यातून पुरते कळत नाही. फरकाचा एक भाग सूर्याचाच आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ एप्रिल ते १ जून या काळात सूर्यास्त सुमारे ६५ मिनिटांनी पुढे जातो, तर सूर्योदय सुमारे ८० मिनिटांनी अलीकडे येतो. कारण त्या दोन महिन्यांत खरी मध्यान्हच घड्याळाच्या मानाने काही मिनिटे अलीकडे सरकते. हे तपासायला अमेरिकेत जायला नको. पंचांगात मुंबईच्या वेळा पाहा. त्याच काळात सूर्योदय सुमारे अर्ध्या तासाने अलीकडे आलेला दिसेल, सूर्यास्त मात्र जेमतेम २० मिनिटांनी पुढे गेलेला. इतक्या काटेकोर निरीक्षकाने पक्ष्याकडे पाहताना सूर्याकडे पाहायचे राहून गेले.

आता शेवट. पक्षी म्हणजे केवळ नेम धरायचे लक्ष्य किंवा ताटातला पदार्थ, ही कल्पना हा नाच खोटी ठरवतो, असे लिओपोल्ड म्हणतो. ऑक्टोबरमधली वुडकॉकची शिकार त्याला कमालीची प्रिय आहे. तरी नाच कळल्यापासून एक-दोन पक्ष्यांवर तो थांबतो, कारण एप्रिलच्या संध्याकाळी नर्तक कमी पडू नयेत. शिकार सोडली असे तो म्हणत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

पण हिशेब जुळत नाही. हा पक्षी स्थलांतरी आहे. जमीन गोठली की गांडुळे मिळत नाहीत, म्हणून तो रात्रीच्या रात्री उडून दक्षिणेला, लुइझियानासारख्या उबदार प्रदेशांकडे जातो. काल रिकामे असलेले झुडूप आज भरलेले असते, हे शिकाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये लिओपोल्डच्या शेतात उसळलेला पक्षी कॅनडातून आलेला पाहुणा असू शकतो आणि त्याचा स्वतःचा नर्तक तोवर दुसऱ्याच कोणाच्या बंदुकीसमोर असू शकतो. एका शेतकऱ्याच्या संयमाने एका शेताचे नर्तक राखता येत नाहीत. म्हणून तर अशा पक्ष्यांसाठी अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यामध्ये १९१६ चा करार झाला.

दुसरे असे की नर्तक खरोखर कमी झाले. १९६८ पासून दर वसंतात ठरलेल्या रस्त्यांवर दहा ठिकाणी दोन-दोन मिनिटे थांबून ‘पींट’ मोजले जातात. आभाळ स्वच्छ असेल तर सूर्यास्तानंतर २२ मिनिटांनी सुरुवात होते, भरून आले असेल तर १५ मिनिटांनी. एकूण आकडे घसरत आले आहेत. आज एका शिकाऱ्याला दिवसाला तीनच पक्षी मारता येतात. तरी अभ्यासक घसरणीचे मुख्य कारण बंदूक मानत नाहीत. पडीक शेते आणि कोवळी झुडुपे वाढून दाट जंगल झाली किंवा त्यांवर बांधकामे उभी राहिली, हे ते कारण मानतात. नर्तक गेले, कारण रंगमंच गेला. रंगमंचाचे महत्त्व लिओपोल्डनेच लेखाच्या मध्यावर सांगितले होते. शेवटी मात्र तो स्वतःच्या सदसद्विवेकाकडे वळला आणि वाळूचा पट्टा विसरला.

आपल्याकडे १९९१ च्या कायदादुरुस्तीने हौशी शिकारीला वाव उरला नाही. ते योग्यच झाले. पण बंदूक खाली ठेवली की पक्षी वाचला, असे मुलांना वाटू लागले तर तीही लिओपोल्डचीच चूक. गावाबाहेरचे माळ आणि पाणथळी ‘पडीक’ म्हणून भरून टाकताना कोणीच गोळी झाडत नसते.

लेख आठवी-नववीच्या वर्गात जरूर वाचावा. शेवटचा परिच्छेद मात्र मुलांनाच लिहायला सांगावा.