मारधाडपटांतील प्रमाद

चित्रपटांतील चुका वेचून काढणे हा अलीकडे घरोघर चालणारा एक निरुपद्रवी खेळ होऊन बसला आहे. चित्र थांबवून व मागे फिरवून पाहण्याची सोय झाल्यापासून शाळकरी मुलगाही दिग्दर्शकाचा परीक्षक बनतो. त्यात वावगे काही नाही. परंतु सापडलेली प्रत्येक चूक एकाच तराजूत टाकली जाते, हे मात्र रसिकतेस शोभणारे नव्हे.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त याविषयी एक मार्मिक भेद केला आहे. बहुश्रुतपणाच्या अभावी घडलेला दोष कवीच्या प्रतिभेने झाकला जातो. प्रतिभाच तोकडी पडल्याने घडलेला दोष मात्र तत्काळ डोळ्यांत भरतो. शेक्सपियरने बोहेमियाला समुद्रकिनारा बहाल केला, म्हणून त्याच्या नाटकातील शोक उणा झाला नाही. कारण तो शोक त्या किनाऱ्यावर उभा नव्हता.

पीटर येट्सचा ‘बुलिट’ (१९६८) घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून मोटारींचा जो पाठलाग चालतो, त्यात एक हिरवी फोक्सवॅगन पुनःपुन्हा मागे पडते आणि पुनःपुन्हा पुढे भेटते. खलपुरुषांच्या गाडीच्या चाकांवरील तबकड्या तर चारांहून अधिक वेळा निखळतात! एकच धाव अनेक कॅमेऱ्यांनी टिपावयाची आणि ते तुकडे एकापुढे एक जोडावयाचे, या रीतीचे हे फळ. तरीही याच चित्रपटाच्या संकलनाबद्दल फ्रँक केलर यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते. गाडी उतारावरून खरोखर उसळते, खरोखर आपटते. काही भागांत स्टीव्ह मॅक्वीन स्वतः ती हाकतो. आपल्या छातीत धस्स होते. मग फोक्सवॅगन मोजावयास फुरसत कोणाला?

‘कमांडो’त (१९८५) एक पिवळी पोर्श गाडी कुशीवर कलंडते. नायक ती सरळ करून हाकू लागतो, तो चेमटलेली बाजू पूर्ववत लखलखीत! तांत्रिक दृष्ट्या हा दोष फोक्सवॅगनच्याच जातीचा. परंतु येथे तो खुपतो. एक माणूस अख्ख्या पलटणीचा फडशा पाडून किरकोळ जखमेनिशी परततो, अशा कथेत आघाताला किंमतच उरलेली नसते. गाडीचे ते अक्षत अंग संपूर्ण चित्रपटाचेच लक्षण होय.

वस्तुस्थितीचे प्रमाद याहून गंभीर असू शकतात. ‘डाय हार्ड २’ (१९९०) हा चित्रपट वॉशिंग्टनच्या विमानतळावर घडतो, पण तेथील दूरध्वनीवर कॅलिफोर्नियातील पॅसिफिक बेल कंपनीचे नाव झळकते. हे हसून सोडून द्यावे. क्ष-किरणांत न दिसणारे चिनी मातीचे जर्मन ‘ग्लॉक ७’ पिस्तूल सोडवत नाही: ग्लॉक ही ऑस्ट्रियन कंपनी, असा नमुना तिने कधी काढलाच नाही, आणि तिच्या पिस्तुलात धातू भरपूर असतो. पण खरा दोष पुढेच आहे. घिरट्या घालणाऱ्या विमानांचे इंधन संपत चालले आहे, यावर कथेचा सारा ताण तोललेला आहे. वास्तविक अशा खराब हवेत अमेरिकेतील प्रवासी विमानाला पर्यायी विमानतळ गाठण्याइतके आणि त्यावर पाऊण तासाचे इंधन बाळगावेच लागते. खलनायक जमिनीची पातळी दोनशे फूट खाली दाखवतो आणि विमान आदळते; जणू वैमानिकापाशी स्वतःचे उंचीमापक नव्हतेच! येथे अज्ञान कथेच्या कडेला नसून तिच्या पायाखाली आहे. भयच खोटे ठरल्यावर त्यातून उपजणारा वीररस खरा कसा व्हावा?

ज्याच्या पाठोपाठ हा आला, तो जॉन मॅकटिअर्ननचा ‘डाय हार्ड’ (१९८८) तरी निर्दोष आहे काय? मुळीच नाही. ज्या मालमोटारीतून चोर उतरताना रुग्णवाहिकेचा मागमूस दिसत नाही, तिच्यातूनच अखेरीस रुग्णवाहिका बाहेर येते. पण त्यातील नायक अनवाणी आहे. तो फुटक्या काचांवरून धावतो, त्याचे तळवे चिरतात, आणि पुढे तो लंगडतच राहतो. त्या रक्ताळलेल्या पावलांमागे जाताना, ती रुग्णवाहिका आली कोठून, हे विचारण्याचे भान पहिल्या खेपेस क्वचितच कोणाला राहते.